पी हळद आणि हो गोरी? हळदीतील कर्क्युमिन आणि आपले आरोग्य



आजचा पाठ आपल्या घरातल्या मिसळणाच्या डब्यातला आहे. विषय आहे हळद, आणि हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन. हा पाठ का लिहावासा वाटला ते आधी सांगते.

आठवीच्या वर्गात आम्ल-आम्लारी शिकवताना आपण सगळेच हळदीच्या पट्टीचा प्रयोग घेतो. साबणाचं पाणी लागलं की पिवळी पट्टी लाल होते आणि मुलं खूश होतात. त्या दिवशी प्रयोग संपता संपता मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, माझ्या आजीने साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. आता ती सकाळ-संध्याकाळ हळदीचं पाणीच घेते. मोबाईलवर आलं होतं, हळदीने साखर मुळापासून जाते. खरं आहे का हो?"

खरं सांगते, माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. "हो" म्हटलं असतं तर आजीच्या जिवाशी खेळ. "सगळं खोटं" म्हटलं असतं तर तेही बरोबर नव्हतं, कारण हळदीवर जगभर गंभीर संशोधन झालेलं आहे. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसले. त्या वाचनातून हा पाठ तयार झाला. तुमच्या वर्गातही हा प्रश्न कधी ना कधी येणार आहे.

१) हळद म्हणजे नेमके काय?

हळद ही आल्याच्या कुळातली वनस्पती. शास्त्रीय नाव कुर्कुमा लाँगा. आपण जे हळकुंड म्हणतो ते मूळ नसून जमिनीखाली वाढणारं खोड आहे. (बटाटा, आलं आणि हळद ही भूमिगत खोडाची तीन उदाहरणं एकत्र दाखवली तर मुलांच्या पक्की लक्षात राहतात.) पावसाळ्याच्या तोंडावर लागवड होते आणि आठ-नऊ महिन्यांनी कंद काढतात. मग ते शिजवायचे, उन्हात वाळवायचे, घासून चकचकीत करायचे. एवढं झाल्यावर ते दळायला जातात.

हळदीचं जगातलं सर्वाधिक उत्पादन भारतात होतं आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सांगलीची हळद बाजारपेठ प्रसिद्ध आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. सांगलीच्या हळदीला आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. जेजुरीचा भंडारा, लग्नातली हळद, हळदीकुंकू... आपल्याकडे हळदीशिवाय पान हलत नाही. म्हणूनच हळदीबद्दल कोणी काही चांगलं सांगितलं की आपला चटकन विश्वास बसतो. पाठ शिकवताना ही गोष्ट आपण आधी स्वतःशी कबूल करायला हवी.

२) कर्क्युमिनची ओळख

हळद पिवळी असते ती कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंड-रसायनांमुळे. १८१५ साली वोगेल आणि पेलेटिये या शास्त्रज्ञांनी हळदीतून हा पिवळा पदार्थ वेगळा काढला. त्याची रेणूरचना कळायला मात्र १९१० साल उजाडलं. एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. मुलांना सांगा, यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडून चौथं मूलद्रव्य नाही. साखरेतही हीच तीन मूलद्रव्यं असतात. फरक आहे तो मांडणीचा.

हळद म्हणजेच कर्क्युमिन, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हळद पावडरीत ही पिवळी रसायनं साधारण २ ते ५ टक्केच असतात. बाकी पिष्टमय पदार्थ, तंतू, प्रथिने, सुगंधी तेल आणि थोडं पाणी. म्हणजे १०० ग्रॅम हळदीत जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे गणिताला लागणार आहे.

वर्गात करण्यासारख्या तीन सोप्या कृती देते.

कृती १ (रंगबदल): हळदीची पातळ पेस्ट टिपकागदाला लावून वाळवा आणि पट्ट्या कापा. एकीवर लिंबाचा रस, दुसरीवर साबणाचं पाणी, तिसरीवर चुन्याची निवळी टाका. लिंबाने पट्टी पिवळीच राहते, साबण आणि चुन्याने लालसर होते. आमटीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की तो लाल का होतो, आणि हळदीला चुन्यासारखे क्षार लावून पारंपरिक कुंकू कसं तयार होतं, या दोन्हींचं उत्तर यातच आहे. (चुन्याची निवळी शिक्षकांनीच हाताळावी. डोळ्यांत जाता कामा नये.)

कृती २ (पाणी आणि तेल): एका पेल्यात पाणी, दुसऱ्यात गोडंतेल घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद ढवळा आणि तासभर ठेवून द्या. पाण्यात हळद बरीचशी तळाशी बसते. तेलात मात्र तळाशी गाळ बसला तरी वरचं तेल पिवळं राहतं. म्हणजे कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. आपल्या आजीने फोडणीत तेल तापल्यावर हळद टाकायला सांगितलं, त्यामागे रंग आणि चव होती. पण रसायनशास्त्रही तिच्याच बाजूने आहे.

कृती ३ (ऊन): पांढऱ्या कापडाच्या दोन चिंध्यांना हळदीचे सारखे डाग पाडा. एक कडक उन्हात ठेवा, दुसरी कपाटात. संध्याकाळी तुलना करा. उन्हातला डाग फिका होतो, कारण प्रकाशाने कर्क्युमिनचा रेणू तुटतो. हा रेणू नाजूक आहे, ही गोष्ट पुढे आरोग्याच्या मुद्द्याला महत्त्वाची ठरते.

३) फायद्यांबद्दल अभ्यास काय सांगतो?

इथे मुलांना "तीन पायऱ्या" समजावून सांगाव्यात. कोणत्याही औषधी गुणाचा दावा या तीन पायऱ्या चढूनच वर यावा लागतो.

पहिली पायरी, काचेच्या बशीतल्या पेशी: प्रयोगशाळेत पेशींवर कर्क्युमिन टाकलं की खूप काही घडताना दिसतं. सूज वाढवणाऱ्या घटकांना आळा बसतो, काही जिवाणूंची वाढ मंदावते, काही कर्करोगाच्या पेशी मरतात. मोबाईलवर फिरणाऱ्या बहुतेक मेसेजचं मूळ या पायरीवर असतं.

दुसरी पायरी, प्राणी: उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत सूज, जखम, रक्तातली साखर यांवर चांगले परिणाम नोंदवले गेले आहेत.

तिसरी पायरी, माणसे: इथे येईपर्यंत गाडी बरीच हळू होते. एका गटाला कर्क्युमिन, दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी; आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. अशी कडक चाचणी घेतली की मगच खरं-खोटं कळतं. एवढी कटकट का? कारण गुडघेदुखीसारखं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं, आणि "मी औषध घेतलंय" या भावनेनेही माणसाला बरं वाटतं.

या तिसऱ्या पायरीवरची काही उदाहरणं पाहू.

• गुडघ्याची संधिवात: इथे आशेला जागा आहे. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या ७० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. हळदीचा अर्क घेणाऱ्यांचं दुखणं नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं. मात्र गुडघ्यातल्या सुजेत आणि कूर्चेत तपासणीत फरक आढळला नाही. इतर छोट्या चाचण्यांतही दुखणं कमी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे थोडा आराम शक्य आहे, झीज भरून येते असं नाही.

• विसरभोळेपणाचा आजार (अल्झायमर): अमेरिकेत ३६ रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही. रक्तात कर्क्युमिन अगदी नगण्य सापडलं.

• मधुमेह: नेहमीच्या औषधांच्या जोडीला कर्क्युमिन देऊन पाहिलेल्या काही छोट्या चाचण्यांत साखर थोडी कमी झालेली दिसते. पण "गोळ्या बंद करा आणि हळदीवर राहा" असं म्हणायला कोणताही पुरावा नाही.

• कर्करोग: बशीतल्या पेशींवर परिणाम दिसतो हे खरं. माणसाचा कर्करोग हळदीने बरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. उपचार सोडून हळदीच्या मागे लागणं जिवावर बेतू शकतं.

२०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्या वेळेपर्यंत माणसांवर शंभराहून अधिक चाचण्या होऊन गेल्या होत्या. आढावा घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की वर सांगितलेल्या कडक पद्धतीच्या एकाही चाचणीत कर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरलेलं नाही. आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला, तो शिक्षक म्हणून मला फार आवडला. कर्क्युमिन प्रयोगशाळेलाच फसवतं! ते स्वतः चमकतं आणि बऱ्याच प्रथिनांना उगाच चिकटतं. त्यामुळे परिणाम झालेला नसतानाही उपकरणं "परिणाम झाला" असं दाखवू शकतात. शिवाय ज्या द्रावणात हे प्रयोग करतात, त्यात ते अर्ध्या तासात बरंचसं तुटून जातं.

हा आढावा सर्वांनाच मान्य आहे असं नाही. काही संशोधकांनी त्याला उत्तरंही दिली. पण इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही गोष्ट "शक्यता" याच शब्दापाशी आहे, एवढं नक्की.

४) ताटातली हळद आणि अभ्यासातली मात्रा: एक गणित

आता फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा बाहेर काढा. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्या.

चार माणसांच्या घरात दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळद लागते असं धरू.
प्रत्येकाच्या वाट्याला: ३ ÷ ४ = ०.७५ ग्रॅम हळद.
त्यात ३ टक्के कर्क्युमिन: ०.०२२५ ग्रॅम, म्हणजे सुमारे २२ मिलिग्रॅम.

अभ्यासांमध्ये रोज ५०० ते २००० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलेलं असतं. १००० मिलिग्रॅम हवं असेल तर सुमारे ३३ ग्रॅम हळद, म्हणजे अकरा चमचे, एका माणसाला एका दिवसात! आपल्या ताटातून तेवढं कर्क्युमिन पोटात जायला दीड महिना लागेल. त्यातही शिजवताना काही नष्ट होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासात उष्णतेमुळे २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन कमी झाल्याचं आढळलं, आणि सर्वात जास्त घट कुकरमध्ये शिजवताना झाली.

माझ्या वर्गात हे गणित झालं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग अकरा चमचे खाल्ले तर?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या दोन मुद्द्यांत त्याचं उत्तर आहे.

५) पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं का?

नाही. कर्क्युमिनची मुख्य अडचण इथेच आहे. पाण्यात विरघळत नाही (कृती २ आठवा), त्यामुळे आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. जे शोषलं जातं त्याचं आतडं आणि यकृत लगेच रूप पालटतात आणि शरीर ते बाहेर टाकतं. शिवाय रेणू नाजूक (कृती ३ आठवा). बशीतल्या पेशींवर जेवढं कर्क्युमिन ओतलेलं असतं, तेवढं आपल्या रक्तात पोहोचतच नाही.

मग मिऱ्याचं काय? "हळदीबरोबर मिरी घ्या, फायदा २० पट" हा मेसेज तुम्हालाही आलेला असेल. त्यामागे खरा अभ्यास आहे. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, तेव्हा रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं.

आता हा आकडा मुलांना नीट वाचायला शिकवा. एक पैशाचे २० पैसे झाले तरी रुपया होत नाही. शिवाय तिथे एका वेळी दिलेलं कर्क्युमिन म्हणजे आपल्या ताटातलं जवळजवळ तीन महिन्यांचं. आणि मिरी काही फक्त हळदीलाच मदत करत नाही. पायपरीन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. जेवणातल्या मिरपुडीने घाबरायचं कारण नाही, पण पायपरीन घातलेल्या गोळ्या आणि नेहमीची औषधं एकत्र घ्यायची असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

६) पेटंटची गोष्ट: काय सिद्ध झाले आणि काय नाही

ही गोष्ट मुलांना खूप आवडते, जरूर सांगा. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे आपली आजी जे पिढ्यान् पिढ्या करत आली, तो तिकडे नवा शोध ठरला! वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटला आव्हान दिलं. परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने गोव्यातल्या माशेलचे आणि मुंबईत गरिबीत शिकून मोठे झालेले. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उल्लेख आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही पुरावा म्हणून दिला गेला. १९९७ साली पेटंट रद्द करण्याचा निर्णय झाला.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण वर्गात ती सांगताना एक प्रश्न नक्की विचारा: "या लढाईत नेमकं काय सिद्ध झालं?" बहुतेक मुलं म्हणतात, "हळद औषध आहे हे सिद्ध झालं." तसं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की हळदीचा हा वापर जुना आहे, नवा शोध नाही. "जुनं आहे" आणि "परिणामकारक आहे" हे दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिल्याचा पुरावा ग्रंथात सापडतो, दुसऱ्याचा तिसऱ्या पायरीवर शोधावा लागतो. मला स्वतःला हा फरक याच पाठामुळे नीट कळला.

जखमेचाही विषय निघतोच. किरकोळ खरचटल्यावर हळद लावायची आपली सवय आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खोल जखम असेल, गंजलेलं काही लागलं असेल, तर स्वच्छ पाण्याने जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं काम हळद करू शकत नाही.

७) जपून कुठे राहायचे?

(अ) कॅप्सूल म्हणजे स्वयंपाकातली हळद नव्हे. जेवणातली हळद शतकानुशतकं खाल्ली जाते आणि ती सुरक्षित मानली जाते. पण एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन असू शकतं. खाद्यपदार्थांतील रंग म्हणून जागतिक तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ३० किलोच्या मुलासाठी किती? ९० मिलिग्रॅम. एकच कॅप्सूल त्याच्या पाचपट! "प्रतिकारशक्ती वाढते" म्हणून मुलांना अशा गोळ्या देणाऱ्या पालकांनी हे गणित एकदा करून पाहावं.

(आ) यकृत: २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना काविळीसारखा यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदी झाल्या. अमेरिकेतील संशोधकांनी हळदीच्या गोळ्यांशी संबंधित अशा १० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि एक दगावला. असं क्वचितच घडतं, पण "नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही" हे वाक्य खरं नाही, हे यातून दिसतं.

(इ) पित्ताशयात खडे असणारे, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत. कर्क्युमिन लोहालाही धरून ठेवतं. मुलीला रक्त कमी असल्याचं सांगितलं असेल तर जास्त मात्रेच्या कॅप्सूलपासून लांबच राहावं.

(ई) भेसळ: मला सर्वात जास्त काळजी वाटते ती याची. हळद अधिक पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग किंवा मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग मिसळला जातो. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. बांगलादेशात हा प्रकार उघड झाल्यावर सरकारने धाडी टाकल्या, लोकांना जागं केलं आणि बाजारातल्या नमुन्यांतलं भेसळीचं प्रमाण २०१९ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. म्हणजे ठरवलं तर हे थांबवता येतं.

घरी एक सोपी चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वरून चमचाभर हळद सोडा आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंगाची शंका घ्या. ही प्राथमिक चाचणी आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते. शक्यतो सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीजर्द पावडर टाळा.

८) वर्गात हा पाठ कसा घ्याल?

दोन तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत तीन कृती (उन्हाची कृती सकाळीच मांडून ठेवा). दुसऱ्या तासिकेत चमच्याचं गणित, पेटंटची गोष्ट आणि चर्चा. चर्चेसाठी मुलांना घरून आरोग्याविषयीचा एक मेसेज लिहून आणायला सांगा आणि त्याला हे चार प्रश्न विचारायला लावा:

१. हा प्रयोग कुणावर झाला? पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर?
२. किती मात्रा दिली होती? ती आपल्या ताटात असते का?
३. तुलनेसाठी दुसरा गट होता का?
४. हा मेसेज मला काही विकत घ्यायला किंवा काही बंद करायला सांगतो आहे का?

चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. "हळद घ्या" इथपर्यंत ठीक आहे. "गोळ्या बंद करा" हे शब्द आले की थांबायचं आणि मोठ्या माणसांना सांगायचं, एवढं जरी मुलं शिकली तरी पाठ सार्थकी लागला.

एक सूचना. घरातल्या वडीलधाऱ्यांची टिंगल होणार नाही याची काळजी घ्या. आजीचं ज्ञान अनुभवातून आलेलं आहे आणि स्वयंपाकातली हळद आपण तिच्यामुळेच खातो. चूक आजीची नाही. तिच्या विश्वासाचा फायदा घेणाऱ्या मेसेजची आहे.

स्वाध्याय
• साबण लावल्यावर हळदीचा डाग लाल का होतो? उन्हात का फिका पडतो?
• तुमच्या घरी महिन्याला किती हळद लागते? प्रत्येकाच्या वाट्याला रोज किती मिलिग्रॅम कर्क्युमिन येतं ते काढा.
• "जुने आहे" आणि "सिद्ध झाले आहे" यांतला फरक स्वतःच्या उदाहरणाने लिहा.

शेवटी

"पी हळद आणि हो गोरी" ही म्हण आपण उतावळ्या माणसाला सुनावतो. गंमत बघा, हळद प्यायल्याने लगेच काही होत नाही, हे आपल्या भाषेला आधीपासून माहीत होतं. हळदीने जेवणाला रंग आणि चव येते, तिच्यातल्या रसायनात पुढे जाऊन औषध सापडण्याची शक्यता आहे, गुडघेदुखीत थोडा आराम मिळू शकतो. एवढं आज प्रामाणिकपणे म्हणता येतं. याहून जास्त म्हणणाऱ्याकडे तिसऱ्या पायरीचा पुरावा मागावा.

त्या मुलीच्या आजीचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला शाळेत बोलावलं. त्या म्हणाल्या, "बाई, आम्ही सांगून थकलो. मोबाईलवर आलंय म्हणतात, आमचं ऐकत नाहीत." मग मुलीनेच घरी जाऊन वहीतलं चमच्यांचं गणित आजीला समजावलं. अकरा चमचे ऐकून आजी म्हणे हसल्या. आठवड्याने त्या दवाखान्यात गेल्या. साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. हळदीचं पाणी बंद करायला मात्र त्यांनी सांगितलं नाही. आजी आता ते गोळीबरोबर घेतात.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.